ओगल्यांकडचं पहिलं ताट

मला स्वस्थ बसता येत नाही. आता सत्तरी कधीच उलटली, गुडघे कुरकुरतात, सून म्हणते, आई, जरा टेका की. आणि मी टेकते न टेकते तोच मला कुंडीतलं वाळकं पान दिसतं किंवा डाळ निवडायची राहिल्याचं आठवतं. ही खोड मी मॉरिशसहून आणली. आमच्या घरी सहा भावंडांत मी थोरली. आई-बाबा दोघंही पहाटे उसाच्या मळ्यात जायचे, तेव्हा धाकट्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भात टाकणं, भाजी फोडणीला घालणं हे सगळं माझ्याकडे. फ्रॉक घालायच्या वयात मी चूल सांभाळत होते आणि त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. उलट आपल्याशिवाय घरात पान हलत नाही, याची घमेंडच होती. अशी मी शिष्यवृत्ती मिळवून दिल्लीला शिकायला गेले, ओगल्यांच्या घरी पहिल्या संध्याकाळी पाटावर बसले, आणि संक्रांत येईपर्यंत नुसती बसूनच राहिले.

आमच्या बेटावर मराठी माणसं आहेत हे पुण्यात लोकांना आजही समजावून सांगावं लागतं. माझ्या पणजोबांचे वडील कोकणातून बोटीत बसले ते उसाच्या मळ्यांवर उतरले, आणि मागे फिरायचं राहूनच गेलं. घरात आम्ही क्रिओल, म्हणजे फ्रेंचच्या वळणाची बेटावरची बोली, बोलायचो. मराठी होतं ते गणपतीपुढच्या गाण्यांत, लग्नातल्या विधींत आणि बाबा संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवायचे त्या दोन-चार पुस्तकांत. आज लिहिते आहे ते मराठी दिल्लीत शिकलेलं आणि पुढे पुण्यात संसार करताना मुरलेलं. तेव्हा मात्र माझी वाक्यं अर्ध्यात अडायची. कॉलेजच्या हॉस्टेलात त्या वर्षी जागा नव्हती. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी आपसात ठरवलं की पोरगी समुद्रापलीकडची असली तरी आपलीच, तिला कुणीतरी घरी ठेवून घ्यावं. बाकीचे एकमेकांकडे बघत असताना ओगलेकाका उठून उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडे. त्या बैठकीतल्या सगळ्यांच्या घरांत त्यांचं घर लहान होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

करोल बागेतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्चीत एक बरसाती, म्हणजे गच्चीवरची सुटी खोली. ती बरसाती मला दिली. खाली घरमालक, फाळणीत पलीकडून आलेलं पंजाबी कुटुंब. त्यांच्या म्हातारीला सगळी गल्ली बीजी म्हणायची. पहाटे दूधवाल्याच्या सायकलची घंटी, मग बीजींचा पाठ, मग नळाला पाणी आलं की बादल्यांचा खडखडाट, आणि मोठ्या रस्त्यावरून कॅनॉट प्लेसला जाणाऱ्या फटफटींची धडधड. फटफटी म्हणजे मागे बाकडी जोडलेली भलीमोठी मोटारसायकल. पाच-सहा माणसं तिच्यात कोंबलेली असायची आणि सगळ्यांचे दात वाजत असायचे. आता तिथे मेट्रो जाते. गेल्या खेपेला नातवाबरोबर गेले तर ती गल्ली मला कपड्यांच्या दुकानांमागे शोधून काढावी लागली. ओगलेकाका एका मंत्रालयात नोकरीला होते, सायकलवरून जायचे, बुटके, नीटनेटके, फार कमी बोलणारे. काकू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आणि त्यांच्या वाटचं सगळं बोलून टाकणाऱ्या. एकुलती मुलगी कुंदा माझ्याच वयाची. ती दिल्लीत वाढली होती, घरातसुद्धा यार आणि अच्छा याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे, आणि पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती काही आनंदाची नव्हती.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराबाहेरच्या खोलीत एकच पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी, पुढे एकच ताट. मला वाटलं, बाकीचे येतील. मी उभीच राहिले. काका म्हणाले, "बसा, दुर्गाताई." मी त्यांच्या लेकीच्या वयाची, आणि मला ताई. मी बसले. काकूंनी वाढलं, काका स्वतः तुपाची वाटी घेऊन माझ्या उजव्या हाताला उभे राहिले, आणि कुंदा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिघांच्या नजरा माझ्या घासाबरोबर ताटातून तोंडापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. मी विचारलं, तुम्ही? काका म्हणाले, "आधी विद्यार्थी, मग घर." जेवून मी सवयीने ताट उचलायला गेले तर त्यांनी हात आडवा केला आणि सांगितलं की कुंदा उचलेल. कुंदाने उचललं. उचलताना माझ्या कानाशी येऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "और कुछ, महारानीजी?"

मला वाटलं होतं की हा पहिल्या दिवसाचा मान आहे. आमच्याकडेही पाहुण्याला पहिल्या दिवशी पाटावर बसवतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात वांगी चिरायला देतात. पण दुसऱ्या दिवशीही एकच ताट होतं, आणि तिसऱ्याही. मी एकटीने जेवायचं, तिघांनी उभं राहून बघायचं, मग मी वर गेल्यावर त्या घराने जेवायचं. बरसातीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले की खालून भांड्यांचे आवाज यायचे, काकूंचं बोलणं, कुंदाचं खळखळून हसणं, मधूनच काकांचासुद्धा एखादा शब्द, आणि मला घरची फार आठवण यायची. आमच्याकडे आठ जण एका बाकावर कोपराला कोपर लावून जेवायचो, दुसऱ्याच्या ताटातला माशाचा तुकडा पळवायचो. एकटं जेवायची पाळी आमच्याकडे फक्त आजारी माणसावर येते.

एकदा पाण्याचा पेला ठेवायला म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. आत शेगडीवर आमटी उकळत होती, चिंचगुळाचा वास सुटला होता. मी पाऊल आत टाकणार तोच काकू लगबगीने पुढे आल्या, माझ्या हातातून पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "इथे नको गं बाळ. तू बाहेर बस." आवाज मऊ होता, पण त्या दारात अशा उभ्या होत्या की वाट उरली नव्हती. त्या दिवशी बरसातीत येऊन मी रडले. कारण निघताना बंदरावर बाबांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती: तिकडे मोठ्या जातीच्या माणसांत राहायची पाळी आली तर त्यांच्या चुलीजवळ जाऊ नकोस, आपल्या पायरीने राहावं. मी तेव्हा हसले होते. आमच्या बेटावर हे सगळं पुसट झालेलं होतं, निदान मला तसं वाटायचं. आता बाबांचं बोलणं मला धडधडीत खरं दिसायला लागलं. मान देतात, तूप वाढतात, ताई म्हणतात. पण चुलीपाशी येऊ देत नाहीत. तुपाने का होईना, दूरच ठेवायचं.

मग माझा जीव थाऱ्यावर राहिना. कॉलेज सुटलं की मी घरी न जाता फटफटीत बसायची, कॅनॉट प्लेसच्या गोल व्हरांड्यांतून उगाच फेऱ्या मारायची आणि परत यायची. गच्चीत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत येरझारा घालायची. एकदा राहवेना म्हणून सगळी गच्ची झाडून काढली. काकांनी पाहिलं, मला काही बोलले नाहीत, पण खाली जाऊन कुंदाला असं फैलावर घेतलं की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र ते कधीच रागावत नसत. माझं अडखळतं मराठी ऐकून छान म्हणायचे. मी गणपतीचं गाणं चुकीच्या चालीत म्हटलं तरी छान. तिमाही परीक्षेत मी एका विषयात साफ आपटले, कागद त्यांच्यासमोर ठेवला, तर तो दोन्ही हातांनी परत देत म्हणाले, छान प्रयत्न आहे. त्याच आठवड्यात कुंदाला दोन मार्क कमी पडले म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. मला तिचा हेवा वाटला, आणि तिला माझा. मैत्रीला एवढं पुरलं असतं, पण दोघींनाही ते माहीत नव्हतं.

माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या आमच्या बेटावरच्या दोघी मुनिरका गावात खोली घेऊन राहत होत्या. त्या म्हणायच्या, ये आमच्याकडे, आम्ही जमिनीवर बसून पावाबरोबर टोमॅटोची चटणी खातो आणि ज्याचं त्याचं ताट तो धुतो. एका रविवारी त्यांच्याकडे गेले आणि कुणी सांगायच्या आत त्यांची सगळी भांडी घासून टाकली. त्या हसत सुटल्या. मला मात्र फार दिवसांनी बरं वाटलं.

माझी सुटका बीजींनी केली. गल्लीच्या तोंडाशी एक सामाईक तंदूर होता. संध्याकाळी घरोघरच्या बायका कणीक मळून तिथे आणायच्या, गप्पा मारत रोट्या भाजून घ्यायच्या. त्या थंडीत बीजींचे हात आखडले होते. मला जिन्यात रेंगाळताना बघून त्यांनी कणकेची परात सरळ माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चल कुड़ीए, वेहली ना बैठ." रिकामी बसू नकोस. त्या दिल्लीत मला असं सांगणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मी परात डोक्यावर घेऊन गेले. तंदुरात हात घालून रोटी थापायची पहिल्यांदा भीती वाटली, मनगटावरचे केस जळले, दोन रोट्या निखाऱ्यात पडल्या, आणि बायकांनी माझी यथेच्छ टर उडवली. मी इतकी खूश झाले की काय सांगू. मग रोज संध्याकाळी काका ऑफिसातून यायच्या आधी मी तंदुरावर असायची. बीजींच्याच नाही, चार घरच्या रोट्या लावून द्यायची. केसांना धुराचा वास यायचा तो काकूंना येत असणार, पण त्यांनी काकांच्या कानावर घातलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला नाईकवहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. त्यांचे यजमान मोठे अधिकारी. आता ज्याला कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात तो तेव्हा कर्झन रोड होता, तिथे त्यांना ऐसपैस सरकारी घर होतं. मराठी मंडळींत त्यांचा शब्द चालायचा. त्यांची गाडी गल्लीत शिरली ती नेमकी मी पदर खोचून, डोक्यावर परात घेऊन तंदुरापाशी उभी असताना. त्यांनी काच खाली केली. ओगल्यांकडची मॉरिशसची मुलगी ना तू, असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या वर गेल्या. खाली उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे फार झालं, परदेशातून आलेल्या मुलीला रस्त्यावर रोट्या भाजायला पाठवतात म्हणजे काय. मग आवाज उतरवून बोलल्या, "जुन्या वळणाची माणसं आहेत. तुला आत घेत नसतील. आमच्याकडे ये, आमच्याकडे असलं काही नाही." जे मी मनात सुद्धा नीट शब्दांत मांडलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात बोलून टाकलं. मी त्यांना म्हटलं, येईन.

त्या संध्याकाळीही पाट मांडला होता. काका तूप घेऊन उभे होते, पण वाढायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी अर्धं जेवण झाल्यावर काकांनी विचारलं, "दुर्गाताई, इथे तुम्हाला काय कमी पडलं?" मी नुसता भात कालवत राहिले. मराठी अपुरं पडलं हे एक, आणि दुसरं, ज्या माणसाने तीन महिने मला घरात घेऊन घराबाहेर ठेवलं त्याच्या चेहऱ्यावर इतकं दुःख का असावं हे मला कळेना. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं कुंदाने सकाळी सांगितलं. माझ्यावरच खेकसून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक भरत होते. काकू गच्चीत कपडे काढायला आल्या, बरसातीच्या दारात थांबल्या आणि ट्रंकेकडे बघत राहिल्या. नाईकांकडे जाणार का, असं त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मग मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते तोंडातून निघून गेलंच. मी म्हटलं, "काकू, मी खालच्या जातीची म्हणून ना? म्हणून चुलीजवळ नको?"

काकूंच्या हातातला कपड्यांचा ढीग तसाच राहिला. त्या खाली बसल्या, सरळ माझ्या ट्रंकेवरच. "खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या, "तू यायची होतीस तेव्हा माझ्या मनात आलं होतं. समुद्रापलीकडची, मासे खाणारी, कोण कुठली. यांना बोलून दाखवलं तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण दार अडवते ते त्यासाठी नाही गं. ते यांच्यासाठी." आणि मग त्यांनी सांगितलं.

काकांचे वडील लवकर गेले. शिकायचं म्हणून मुलगा पुण्यात आला, खायला पैसा नाही, तेव्हा त्याचे वार लावले. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरं. पुण्यातली कितीतरी मुलं अशीच शिकली, आणि बहुतेक घरांनी त्यांना मायेने वाढलं. मंगळवारचं घर तसं नव्हतं. तिथे आधी विहिरीचं पाणी शेंदून हौद भरायचा, मग बाळंतिणीचे कपडे धुवायचे, मग पान. एकदा अंगात ताप होता, हौद अर्धाच भरला. त्या बाईने पोळी मोडून अर्धी वाढली. घरातली मुलं शेजारी जेवत होती, ती हसली. हा उठला, आणि त्यानंतर त्या घरी गेला नाही, दुसरं घरही शोधलं नाही. "अजून मंगळवारी जेवत नाहीत," काकू म्हणाल्या. "लोक समजतात गणपतीचा उपास आहे." लग्न झाल्या झाल्या त्यांनी काकूंना सांगून ठेवलं होतं की आपल्या घरी एक तरी विद्यार्थी जेवेल, आणि तो आपल्या आधी जेवेल, आणि त्याला या घरात पाण्याचा तांब्या उचलावा लागणार नाही. दिल्लीत कोण वार लावून जेवायला येतंय? वर्षानुवर्षं वाट बघितली, आणि मग मी आले.

मी ट्रंकेशेजारी फरशीवर बसले होते. इतके दिवस जो राग साठवला होता त्याला आता ठेवायला जागा उरली नाही. एकीकडे माझं मन भरून आलं, आणि दुसरीकडे, खरं सांगते, मी वैतागले. म्हटलं, पण काकू, आमच्याकडे जो काम करत नाही तो परका. मी अशी बसून राहिले तर मरून जाईन. काकू एकदम हसल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "मला तरी कुठे हौस आहे? एवढी धडधाकट पोरगी समोर बसलेली, आणि मी कंबर धरून पोळ्या लाटते. पण त्यांना कोण सांगणार?"

आम्ही त्यांना त्याच संध्याकाळी सांगून पाहिलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले की मी समजतो, पण माझ्याच्याने हे बघवणार नाही. विद्यार्थ्याने माझ्या घरच्या जेवणाचे दाम हाताने फेडायचे, त्यापेक्षा दुर्गाताईंनी नाईकांकडे सुखाने राहावं. रविवारी संध्याकाळी नाईकांची गाडी येईल असं त्यांनी ठरवूनही टाकलं. त्यात राग अजिबात नव्हता. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

आज इतक्या वर्षांनी मला दोघांचंही पटतं. ज्याला घासागणिक राबवलं गेलं त्याला राबणं म्हणजे अपमानच दिसणार. आणि मी, जिला कामामुळेच घरात जागा होती, तिला फुकटचं ताट म्हणजे बाहेरचा रस्ता. काकूंच्या मनातली जात एका दुपारी संपूर्ण गेली असंही मी म्हणणार नाही. देवाची उपकरणी त्या पुढेही स्वतःच घासत राहिल्या. पण त्या रविवारी सकाळी काका भाजी आणायला बाहेर पडले आणि जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज विरला, तशी काकूंनी वर बघून हाक मारली, "दुर्गे, ये खाली. आत ये." मी दारापाशी थांबले. त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि माझ्या हातात पळी दिली.

मी डालपुरी करायची ठरवली. आमच्या बेटावर ती सगळ्यांचीच आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आणि घरी पाहुणे आले की माझ्याच हातची लागते. हरभऱ्याची डाळ शिजवायची, जिरं, हळद, मीठ घालून मऊ वाटायची, पिठाच्या गोळ्यात भरायची आणि पातळ लाटून तव्यावर टाकायची. काकू डाळ बघून म्हणाल्या, ही तर पुरणपोळीच की, आणि गुळाचा डबा काढायला वळल्या. मी त्यांना थांबवलं. कुंदाला पाट्यावर बसवलं होतं, ती कुरकुरत वाटत होती आणि मधूनच म्हणत होती की यार, तू इतनी मास्टरनी होगी पता नहीं था. तिने वाटलेलं मी पुन्हा वाटायला लावलं, तेव्हा ती चिडली, आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. बाहेरच्या खोलीत काकूंनी चार पाट मांडले. त्या वरवर धीट दिसत होत्या, पण चौथा पाट ठेवताना त्यांनी तो दोनदा सरळ केला.

काका पिशवी घेऊन आले आणि दारातच थांबले. मी पदर खोचून, हाताला पीठ, पोळ्यांचं ताट घेऊन उभी होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता हे परत जिना उतरतील. काकू म्हणाल्या, "बसा, गार होतंय." अन्न वाढलेलं असताना उठून जाणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. ते बसले, खाली बघत. मी सकाळपासून मनात घोकलेलं मराठी वाक्य बोलायला लागले. "काका, हे दाम नाही. आमच्याकडे काम करत नाही तो पाहुणा. पाहुणा जातो. मला जायचं नाही."

त्यांनी ताट जवळ ओढलं. समोरच्या पिवळ्या पोळीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, निरोपाची म्हणून पुरणपोळी केली आहे. काकू नेहमी त्यांच्या पानात ठेवायच्या त्या वाटीतलं दूध त्यांनी सवयीने पोळीवर ओतलं, वर तुपाची धार सोडली, कालवलं आणि मोठा घास तोंडात घातला. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण तोवर घास तोंडात गेला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला. जिरं, मीठ आणि गोडसर दूध यांचा तो घास काका चावत होते, चावत होते, आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. मला ठाऊक होतं आता काय होणार. ते गिळतील आणि म्हणतील, छान. मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं, की छान म्हणाले तर आपण निघायचं. मग या घरात आपल्याला कधीच जागा मिळणार नाही.

त्यांनी घास गिळला. पाणी प्यायले. पुन्हा पाणी प्यायले.

"दुर्गे," ते म्हणाले, "हे काय करून ठेवलंयस? पुरणात मीठ? सगळी पोळी वाया घालवलीस. असलं परत माझ्या पानात वाढू नकोस."

कुंदाला हसू आवरेना, ती पाटावर आडवी झाली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की ते मी पिठाच्या हातांनीच पुसत होते. काकूंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, मग नाईकांना काय निरोप देऊ? काका ताटातलं दूध एका बाजूला सारत होते. वर न बघताच ते म्हणाले, "सांग, मुलीला अजून धड स्वयंपाक येत नाही. तो आल्याशिवाय तिला कुठे पाठवणार नाही."